आखूड बाजू

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघत, तेव्हा श्रेणिक मगदूमचा आवाज पार वजनकाट्यापर्यंत ऐकू येई. खरेदीदार मोबाइलवरून बोली लावू लागले, परराज्यातले व्यापारी घरबसल्या हळकुंडाचा रंग पडद्यावर पाहू लागले, तरी मगदूमांच्या अडत दुकानासमोर माणसं गोळा होतच. श्रेणिक पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राही आणि भाव असा चढवत नेई, की ज्याला घ्यायचं नाही तोही दोन पावलं पुढे सरके.

एका हंगामात भाव पुकारताना त्याचे आकडे जिभेवरून घसरू लागले. जीभ जड झाली. "सकाळीच घेतलीस काय रे?" म्हणून कुणी चेष्टा केली, त्यावर श्रेणिकही हसला. मग हातातून कप निसटायला लागला. मिरजेच्या डॉक्टर शिराळकरांनी तपासण्या करून सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी मरत चालल्या आहेत आणि त्यांना थांबवणारं औषध अजून निघालेलं नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

त्रिशलाला, त्याच्या बायकोला, त्या शेवटच्या वाक्याचा आधार वाटला. घरी आल्यावर श्रेणिक शब्द ओढत ओढत तिला म्हणाला, "तेच तर वाईट आहे."

दीड वर्षात त्याची वाचा गेली, हातपाय गेले. या आजारात बहुतेकांचे डोळे शेवटपर्यंत फिरतात आणि डोळ्यांच्या इशाऱ्यावर ते हो-नाही सांगू शकतात. श्रेणिकचे डोळेही लवकर थिजले. हा प्रकार विरळा असतो, असं शिराळकर म्हणाले. म्हणूनच मिरजेला नव्यानं निघालेल्या 'वैखरी' केंद्रात त्याचं नाव लागलं.

तिथला इंजिनिअर इम्तियाज मुजावर मिरजेचाच, तिशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्यानं त्रिशलाला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. माणूस बोलायचं ठरवतो, तेव्हा ओठ हलण्याआधी मेंदूचा एक भाग त्या शब्दाची तयारी करतो. ओठ निकामी झाले तरी ही तयारी चालूच राहते. मानेतल्या शिरेतून केसासारख्या तारांची जाळी तिथवर नेऊन सोडली, की त्या तयारीची विजेची कुजबुज टिपता येते आणि त्यावरून शब्द ओळखता येतो.

"पण मनात तर काय काय येत असतं," त्रिशला म्हणाली. "ते सगळं बाहेर पडणार?"

"तेच पडू नये म्हणून ही पट्टी." त्यानं जबड्याखाली चिकटवायची एक पातळ पट्टी दाखवली. "माणूस खरंच बोलायला गेला, की इथल्या स्नायूत अगदी बारीक ठोका उमटतो. शब्दाला ठोका मिळाला तर तो बोललेला, नाही तर नुसता मनातला. आणि एकटादुकटा शब्द यंत्र घेतच नाही. तीनेक शब्द सलग आले तरच वाक्य धरतं."

आणखी एक पथ्य होतं. वाचताना किंवा ऐकतानाही मनात शब्द उमटतात, आणि पट्टी असूनही यंत्राला कधी कधी ते त्या माणसाचंच बोलणं वाटतं. म्हणून श्रेणिकचं वाक्य त्याला दिसणार नाही अशा बेतानं त्रिशलाच्या हातातल्या टॅबवर उमटे, आणि ते मोठ्यानं वाचायला तिला मनाई होती. तिनं वाचायचं आणि उत्तर द्यायचं.

पहिलं वाक्य आलं, "मला ताक प्यायचं आहे." त्रिशला ताक घुसळायला उठली ती पदराला डोळे पुसतच. ताक नळीवाटे पोटातच जाणार होतं, चव लागणार नव्हती, पण त्यानं मागितलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. छातीचे स्नायू थकले होते. गळ्याला छेद देऊन कायमची श्वासाची नळी बसवायची, किंवा बसवायची नाही, असे दोनच रस्ते होते. एकदा बसवली की तो आणखी बरीच वर्षं जगू शकेल, असाच, या पलंगावर. नाही बसवली तर झोपेचं औषध देऊन त्रास होणार नाही असं बघता येईल. शिराळकर म्हणाले, "त्यांनाच विचारा. आता विचारता येतं, हे नशीबच म्हणायचं."

त्रिशलानं त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग टॅब हातात घेऊन बसली. बऱ्याच वेळानं ओळ उमटली.

"मला गळ्याला नळी लावून घ्यायची आहे."

तिनं टॅब डॉक्टरांना दाखवला. आत कुठेतरी ती हेच मागत होती. तो नको म्हणाला असता तर काय केलं असतं, हा विचार तिनं आदल्या संध्याकाळपासून दाबून ठेवला होता. ती पुन्हा वाकली आणि म्हणाली, "लावूया हं. मी आहे ना."

पुन्हा ओळ आली. "त्रिशला, मला असं जगायचं आहे."

"जगायचंच आहे आपल्याला," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या कपाळावर ओठ टेकले.

नळी बसली. श्वासाच्या यंत्राची सवय झाली. घरात एक लय आली. "पाठ अवघडली आहे," "पंखा कमी कर," "आज कोण आलं होतं" असं तो बोले, आणि ते बरोबर असे. केंद्राची माणसं येऊन तपासत आणि खूश होऊन जात. मधूनच तो म्हणे, "मला रेडिओ ऐकायचा आहे." त्रिशला दिवसभर रेडिओ लावून ठेवी. एकदा आलं, "मला यार्डातल्या लोकांना भेटायचं आहे." तिनं फोन केले. हमाल आले, तोलाईदार आले, जुने खरेदीदार आले. खोली भरून गेली. पलंगावरचा श्रेणिक बघून एकजण रडू लागला आणि बाहेर जाऊन बसला. ते गेल्यावर त्रिशला उत्साहानं म्हणाली, "बरं वाटलं ना? दर महिन्याला बोलावूया." त्यावर पडद्यावर काहीच आलं नाही. पुढे कित्येक दिवस आलं नाही.

तो बोलेनासा होत गेला. हे आजाराचंच, असं सगळ्यांनी धरलं.

नळी बसल्यावर चौथ्या वर्षी त्याचे वडील, आप्पा, गेले. त्रिशलानं श्रेणिकला ते हळूहळू सांगितलं. महिनाभरानं ती त्याच्या हातांना तेल चोळत बोलत होती, की दुकान आता चुलतभावाकडे द्यावं लागेल. तेव्हा टॅबवर आलं, "आप्पा आता आपल्यात आहेत."

ती घाबरली. "आप्पा गेले की रे," ती म्हणाली. "सांगितलं होतं ना तुला?"

"मला ते कळलं आहे. आप्पा आपल्यात आहेत."

शिराळकरांनी मान हलवली. काहींच्या बाबतीत मेंदूचा पुढचा भागही धरला जातो, ते म्हणाले, समज ढासळते, आपण त्यांच्या कलानं घ्यायचं. त्रिशलानं कलानं घ्यायला सुरुवात केली. ती त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागली. अंग पुसताना 'शहाणा आहे हो आमचा' म्हणू लागली. नोकरी, दुकान, दुखणी यातलं काही त्याला सांगेनाशी झाली. घरात बोलायला तिला कुणी उरलं नाही, हे तिलाही उशिराच कळलं.

ती सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. त्या जुलैत अकरावीच्या वर्गाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालली होती. माहितीच्या वेगवेगळ्या जातीच्या माळा एकाच फेरीत कशा जोडून घ्यायच्या, हा धडा होता. लिस्ट असते, तिच्यात मणी घालता-काढता येतात. टपल असतं, त्याला गाठ मारलेली असते, बदल होत नाही. अक्षरांची स्ट्रिंग असते. या तिन्ही झिप नावाच्या आज्ञेत घातल्या, की जर्किनच्या चेनचे दात बसावेत तसा प्रत्येकीचा एकेक मणी शेजारी शेजारी येतो, आणि माळा कुठल्या जातीच्या आहेत याची झिपला पर्वा नसते.

"आणि एक बाजू आखूड असली तर?" तिनं विचारलं. "करून बघू."

तिनं सुचतील ते शब्द लिस्टमध्ये टाकले, मी, आज, येणार, नाही. टपलमध्ये एक, दोन, तीन एवढेच आकडे ठेवले. फेरी चालवली. भिंतीवरच्या पडद्यावर तीन ओळी उमटल्या.

"एरर नाही आला, मॅडम," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"येत नाही. आखूड बाजू संपली की झिप गुपचूप थांबते. राहिलेलं टाकून देते, सांगत नाही."

मागून कुणीतरी हसलं. "मॅडम, हा तर येणार म्हणतोय की."

वर्ग हसला. त्रिशला पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं पर्स उचलली, आणि वर्ग तसाच सोडून मिरजेची बस पकडली.

इम्तियाजनं तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि संगणक पुढे ओढला. यंत्राचा मूळ प्रोग्रॅम परदेशी कंपनीचा होता, पण केंद्राला तो वाचता येत असे. हवी ती जागा शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. शब्द लिस्टमध्ये येत होते, कारण यंत्र आपला अंदाज शेवटपर्यंत सुधारत असे. ठोके टपलमध्ये होते, कारण ती वैद्यकीय नोंद, तिला कुणी हात लावू नये. आणि दोन्ही झिपनं जोडले होते.

"निरोगी माणसावर तपासलं तेव्हा जितके शब्द तितकेच ठोके," तो म्हणाला. "पण वाक्याच्या शेवटी आपण जोर सोडतो. स्नायू थकलेला असेल तर शेवटच्या शब्दाचा ठोका उमटतच नाही. ठोके एकानं कमी पडतात."

"आणि शब्द गळतो."

"गळतो. मग पुढे एक पूरक बसवलाय. वाक्य अर्धं वाटलं, की तो नेहमीचा शब्द घालून पुरं करतो. 'पाठ अवघडली', पुढे 'आहे'. 'पंखा कमी', पुढे 'कर'." तो तिच्याकडे वळला. "त्या लोकांच्या भाषेत नकार वाक्याच्या मधेच येऊन जातो, मॅडम. शेवटचा शब्द गेला तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडे..."

"आपल्याकडे सगळं शेवटीच असतं," त्रिशला म्हणाली.

तिला एकेक वाक्य आठवत होतं. रेडिओ. यार्डातली माणसं. आप्पा आपल्यात. मला असं जगायचं. प्रत्येक वाक्याला तिनं काय उत्तर दिलं होतं, तेही आठवत होतं. तो नाही म्हणाला होता, आणि ती त्याच्या कानात गोड आवाजात म्हणाली होती, लावूया हं. तिला काय दिसलं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं एवढंच ऐकलं होतं, की आपण नाही म्हणतो आणि बायको हो म्हणून करते. चार वर्षं.

इम्तियाजनं झिप बदलून दुसरी जोडणी बसवली. ती लांब बाजूपर्यंत जाते, आणि जिथे एका बाजूला काही नसेल तिथे रिकामी जागा सोडते. पूरकही बंद केला. "कंपनीची परवानगी नाही याला," तो म्हणाला. "पण लावतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशलानं श्रेणिकच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. शहाण्या बाळाचा आवाज तिनं टाकून दिला होता. कुठला शब्द कुठे गळला, पडद्यावर काय येत होतं, नळीच्या वेळी काय आलं, आप्पांच्या वेळी काय आलं. इम्तियाज दाराशी उभा होता.

मग ओळ उमटली.

"म्हणजे तू माझं ऐकलं नाहीस, असं नाही."

त्रिशलानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्य अखेरपर्यंत होतं.

"मला दिसलंच नाही रे," ती म्हणाली.

"मला वाटलं, तू ठरवून करतेस."

"आणि तू गप्प झालास."

"बोलून उपयोग नव्हता." मग, मधे पुष्कळ वेळ जाऊन, "लोकांनी मला असं बघायला नको होतं."

त्या आठवड्यात ते दोघं बोलले. फार नाही, तो दमायचा. तिनं त्याला दुकानाचं विचारलं, तो म्हणाला चुलतभावाला देऊ नको, त्याला हळद कळत नाही. ती हसली, बऱ्याच काळानंतर. आणि शेवटी तिनं नळीचा तो प्रश्न विचारला, कारण चार वर्षांपूर्वी विचारूनही तो विचारायचाच राहिला होता.

"मला आता हा श्वास नको," तो म्हणाला.

ती ओळ घेऊन ती मंडळापुढे गेली. अशा बाबतीत निर्णय देणारं जिल्ह्याचं मंडळ होतं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, घोरपडेबाई. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, इम्तियाजला खोलात जाऊन प्रश्न विचारले, आणि चष्मा काढून ठेवला.

"चार वर्षं यांच्या नावावर एकच गोष्ट नोंदलेली आहे, की यांना जगायचं आहे," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही म्हणता ते यंत्राचं होतं, हे यांचं आहे. उद्या कुणी उलट म्हणेल. शिवाय हा बदल कंपनीनं मान्य केलेला नाही."

"तुम्हाला माझं खोटं वाटतं?" त्रिशलानं विचारलं.

"नाही वाटत. खरंच वाटतं. पण मला वाटतं म्हणून मी नळी काढू शकत नाही, बाई. बदल मंजूर होऊन येऊ द्या. मग आमच्यासमोर, निरनिराळ्या आठवड्यांत, यांनी हेच पुन्हा सांगू द्या."

कंपनीनं चूक मान्य केली, तीही आडवळणानं. मंजुरीला मात्र पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि दिवाळीच्या आसपास इम्तियाजच्या लक्षात आलं, की जाळीतून येणारी कुजबुज विरत चालली आहे. तारांभोवती मेंदूनं व्रणाची कातडी धरली होती. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याइतका दम श्रेणिकच्या शरीरात नव्हता.

आता उलटं झालं. ठोके उमटत, शब्द येत नसत. नवी जोडणी लांब बाजूपर्यंत जायची, त्यामुळे जिथे शब्द सापडला नाही तिथे ती रिकामी रेघ सोडायची. "त्रिशला — दुखतं —" असं काही तरी येई. तो बोलतो आहे, किती शब्द बोलला, एवढं कळे. काय बोलला ते कळत नसे.

मंडळाची माणसं मंजुरीचा कागद आल्यावर घरी आली. घोरपडेबाईंनी स्वतः त्याच्या कानाशी वाकून विचारलं. पडद्यावर पाच रेघा उमटल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा पाच रेघा, तशाच, एकाही शब्दाशिवाय.

"तो तेच सांगतोय," त्रिशला म्हणाली.

"सांगत असतील," घोरपडेबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून श्रेणिकला नमस्कार केला आणि कुणाकडे न बघता बाहेर पडल्या. पुढच्या खेपेला रेघाही मोजक्याच आल्या. मंडळानं अर्ज बाजूला ठेवला.

माघ महिन्यात एका सकाळी यंत्र तपासायला इम्तियाज आला होता. त्रिशला श्रेणिकच्या उशा बदलत होती. इम्तियाजनं तिला हाक मारली. टॅबवर बऱ्याच दिवसांनी शब्द दिसत होते.

"त्रिशला, माझा तुझ्यावर राग —"

पुढे रेघ होती. तिथे एक शब्द होता, ठोका स्पष्ट उमटला होता. शब्द कुठला ते तारांपर्यंत पोचलं नव्हतं.

ती पलंगाजवळ बसली. "पुन्हा सांग," ती म्हणाली. "श्रेणिक, शेवटचं पुन्हा सांग." ती आणि इम्तियाज दुपारपर्यंत थांबले. एकदा रेघा आल्या, मग त्याही थांबल्या.

"पूरक चालू केला, तर तो तिथे शब्द घालेल," इम्तियाज शेवटी म्हणाला.

"कुठला घालेल?"

"पूरक त्यांच्याच आधीच्या वाक्यांवरून शिकलाय. त्या सगळ्यांत शेवटी 'आहे'च आहे."

त्रिशलानं टॅब त्याच्या हातातून काढून घेतला आणि उशीपलीकडे पालथा ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. मग श्रेणिकच्या कानाशी वाकली. हो म्हटलं तर कशाला हो, आणि नाही म्हटलं तर कशाला नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

श्रेणिक त्यानंतर हळदीचे आणखी दोन हंगाम जगला. जबड्याखालची पट्टी तिनं काढू दिली नाही. कॉलेजातून आल्यावर ती हातपाय धुऊन त्याच्याजवळ बसे आणि यार्डात काय भाव निघाला ते सांगे, कुणाची हळद कशी होती ते सांगे. विचारत मात्र काहीच नसे. कधी कधी तिचं बोलणं चालू असताना पडद्यावर रेघांची एखादी ओळ उमटे. ती तिथेच थांबायची, त्याचं बोलून होऊ द्यायची, आणि मग पुढे सांगायला लागायची.